डॉर्सेटची पलटण: टोपीवर 'हिंदुस्थानात पहिले', गावात चिठ्ठ्यांची शिबंदी

किनारपट्टी (धागालेखक)

गेली पाच वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट काउंटीत मुक्काम आहे. डॉर्चेस्टर हे इथलं जिल्ह्याचं गाव. गावाच्या पश्चिम टोकाला चढावर दोन बुरुजांची एक दगडी इमारत आहे, तिला 'द कीप' म्हणतात. पहिली दोन वर्षं मी तो अस्सल जुना किल्ला समजून पाहुण्यांना दाखवत होतो. नंतर कळलं, 1870च्या दशकाच्या शेवटी बांधलेलं ते छावणीचं दार आणि शस्त्रागार. आता तिथे रेजिमेंटचं म्युझियम आहे.

एका पावसाळी शनिवारी (इथे दुसऱ्या प्रकारचे शनिवार कमीच) आत गेलो. काचेआड टोपीचा बिल्ला होता, आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. मधोमध किल्ला, किल्ल्याला लटकलेली किल्ली, वर स्फिंक्स आणि खाली लॅटिन पट्टी: 'प्रीमुस इन इंडिस'. म्हणजे हिंदुस्थानात पहिले. इथल्या मेंढपाळांच्या, गवळ्यांच्या पोरांच्या टोपीवर हिंदुस्थान कुठून आला, हे शोधत बसलो आणि वर्ष गेलं. त्याचा हा धागा.

ही डॉर्सेटशायर रेजिमेंट मुळात एक नव्हतीच. दोन वेगळ्या रेजिमेंटी 1881 मध्ये एकत्र बांधल्या. थोरली 39वी, 1702 मध्ये आयर्लंडमध्ये रिचर्ड कूटने उभी केलेली. धाकटी 54वी, 1755ची. 39वी 1754 मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांतून मद्रासला उतरली. राजाच्या सैन्याची हिंदुस्थानात आलेली ही पहिली रेजिमेंट. तोवर इथे लढत होते ते कंपनीचे पगारी लोक. तिचा कर्नल ॲडलरक्रॉन मोठा मानी. बंगालच्या मोहिमेचं नेतृत्व क्लाइव्हकडे, म्हणजे कंपनीच्या माणसाकडे गेलं, तेव्हा त्याने जहाजांवर चढवलेल्या राजाच्या तोफा परत उतरवून घेतल्या. तरी 39व्याच्या काही कंपन्या आरमाराबरोबर गेल्या. प्लासीच्या आधी क्लाइव्हने युद्धसमितीत 'सध्या थांबू या' असं मत दिलं होतं, आणि 'आत्ताच चाल करा' म्हणणाऱ्यांत 39व्याचा आयर कूट होता. 23 जून 1757ला काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. राजाच्या सैन्यात 'प्लासी' हा मान फक्त 39व्याला मिळाला.

किल्ला-किल्ली आली ती जिब्राल्टरच्या 1779 ते 1783च्या वेढ्यातून. स्फिंक्स 54व्याचा: 1801 मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळचा माराबूचा किल्ला घेतला म्हणून.

आता या धाग्याचा खरा मुद्दा. यात डॉर्सेट कुठे आहे? कुठेच नाही. 1782 मध्ये लंडनच्या कारकुनांनी सगळ्या रेजिमेंटींना काउंट्यांची नावं वाटली, लोक आपापल्या काउंटीच्या अभिमानाने भरती होतील म्हणून. 39व्याच्या वाट्याला आलं पूर्व मिडलसेक्स! 54व्याला पश्चिम नॉरफोक. 1807 मध्ये 39व्याचं मिडलसेक्स काढून डॉर्सेट लावलं. रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा तसं. शिपाई मिळेल तिथून भरती होत, आणि पलटण वर्षानुवर्षं परदेशात असे.

डॉर्सेटची खरी पलटण वेगळीच होती: काउंटीची मिलिशिया. मी तिला सरळ शिबंदी म्हणतो. 1756 मध्ये फ्रेंच चढाईची हूल उठली आणि इंग्लंडच्या रक्षणाला हॅनोव्हर आणि हेसचे जर्मन सैनिक आणावे लागले. त्याची लाज वाटून 1757 मध्ये मिलिशियाचा कायदा झाला. प्रत्येक काउंटीला माणसांचा आकडा ठरवून दिला. गावचा कॉन्स्टेबल अठरा ते पन्नास वयाच्या पुरुषांची यादी करी, ती चर्चच्या दारावर लागे, मग चिठ्ठ्या टाकत. पाद्री, खलाशी, धंदा शिकणारी उमेदवार पोरं यांना सूट. नाव निघालं की तीन वर्षं बांधील. नको असेल तर दहा पौंड भरा किंवा बदली माणूस द्या. शेतमजुराला दहा पौंड म्हणजे वर्षाच्या कमाईचा मोठा भाग, तेव्हा सोय कुणाची होती ते उघड आहे. वर नाव निघालेल्याच्या बायकापोरांना पोसायचा भार गावाच्या गरीब-करावर. त्यामुळे गावकारभारीही मनातून सड्या माणसाचंच नाव निघो म्हणत असणार.

लोक चिडले. यॉर्कशायर-लिंकनशायरकडे 1757 मध्ये जमावांनी याद्या हिसकावून फाडल्या. 1761 मध्ये उत्तरेत हेक्सहॅमला चिठ्ठ्यांविरुद्ध जमाव जमला, तर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या मिलिशियाच्याच माणसांनी, यॉर्कशायरच्या. चाळीसच्या वर माणसं मेली.

मिलिशियाचा शिपाई काउंटीबाहेर जाई, पण देशाबाहेर त्याला पाठवता येत नसे. शांततेत वर्षाकाठी काही आठवडे कवायत. युद्ध लागलं की सलग वर्षानुवर्षं तंबूत. अधिकारी व्हायला जमीनजुमला लागे, म्हणजे गावचा जमीनदार कॅप्टन आणि त्याचंच कूळ शिपाई. नेपोलियनच्या काळात, 1799 पासून, मिलिशियातून नियमित सैन्यात जायला बक्षिसी देऊ लागले, आणि कवायत येणारी तयार माणसं आयतीच मिळू लागली. 1852 मध्ये चिठ्ठ्या मागे पडून मिलिशिया ऐच्छिक झाली. 1881 मध्ये 39वी पहिली बटालियन, 54वी दुसरी आणि डॉर्सेट मिलिशिया तिसरी, असं सगळं एका छताखाली आलं. नावं दोन्ही जुन्या पलटणींची मोठी, पण गावचा पत्ता दिला तो या तिसरीने, असं माझं मत.

1958 मध्ये शेजारच्या डेव्हनशायर रेजिमेंटशी विलीनीकरण झालं, 2007 मध्ये ते सगळं 'द रायफल्स'मध्ये गेलं. बिल्ला काचेत राहिला.

एक विचारायचं होतं. 1914 मध्ये या रेजिमेंटची दुसरी बटालियन पुण्यात होती आणि तिथून ती मराठा पलटणींबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिथल्या कूट या गावाच्या वेढ्यातल्या (वरच्या कूट साहेबांशी याचा संबंध नाही) आठवणी कुणाच्या घरात आहेत का?

बाराबंदी

छान धागा. पण 'प्रीमुस इन इंडिस'ला माझा साफ आक्षेप आहे. मुंबई विसरलात की राव!

1662 मध्ये दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली, ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन आला. राजाचे शिपाई, कंपनीचे नव्हेत. पोर्तुगीज गव्हर्नर म्हणाला, कागदपत्रं बरोबर नाहीत, बेट देत नाही. सरकारी कचेरीत आपल्याला जे ऐकावं लागतं तेच. मग ही मंडळी अंजदीव बेटावर जाऊन बसली. कारवारसमोरचं ते उघडंबोडकं बेट, आजही गोव्यातच मोडतं. तिथे पावसाळा आणि ताप यांनी माणसं पटापट मेली, एप्रिल 1664 मध्ये खुद्द शिपमन गेला. 1665 मध्ये हंफ्री कूकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा सुमारे शंभर माणसं उरली होती. 1668 मध्ये राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली आणि या शिपायांनाही कंपनीत घेतलं. पुढे तीच बाँबे फ्युझिलिअर्स, मग 103वी, मग 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन. 1922 मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर बरखास्त.

म्हणजे डॉर्सेटवाले शंभरएक वर्षं उशिरा आले आणि बिल्ला लावून मोकळे झाले.

किनारपट्टी

बाराबंदी, मुद्दा मान्य, निम्मा. शिपमनबरोबर होत्या त्या कामापुरत्या उभारलेल्या सुट्या कंपन्या. सैन्याच्या यादीतली, नंबर असलेली अख्खी रेजिमेंट म्हणून 39वीच पहिली. पण अंजदीववर मेलेल्यांना हा फरक समजावून सांगायची माझी तरी हिंमत नाही. आणि बोधवाक्य म्हणजे काही प्रतिज्ञापत्र नव्हे.

मोडीवाचक

लेख आवडला, पण मिलिशियाला शिबंदी म्हणणं खटकलं. आपल्याकडची शिबंदी म्हणजे गडाच्या, ठाण्याच्या बंदोबस्तासाठी, वसुलीला जाताना बरोबर न्यायला ठेवलेले पगारी प्यादे. हंगामापुरते ठेवायचे, काम झालं की रजा. त्यात चिठ्ठी नाही, सक्ती नाही, उलट पोटासाठी माणूस आपण होऊन येई. दफ्तरात 'शिबंदी खर्च' हा हिशेबाचा बाब म्हणून येतो. इंग्रजांनीही तो शब्द 'सिबंदी' म्हणून उचलला, तो महसुली शिपायांसाठी.

नाव काढून जबरदस्तीने माणूस घेण्याला जवळचा शब्द वेठ. पण वेठीला बंदूक आणि लाल डगला देत नाहीत.

चकलीचा_सोऱ्या

घरांच्या सोडतीत नाव लागलं नाही म्हणून आपण रडतो, यांच्याकडे लागलं म्हणून दंगल. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे!'

किनारपट्टी

मोडीवाचककाका, पटलं. तरी शिबंदी शब्द मी सोडणार नाही, कारण स्थानिक, कच्ची, नियमित फौजेहून खालच्या मानाची ही त्यातली छटा मिलिशियाला चपखल बसते. नियमित सैन्यातले लोक मिलिशियाला हसतच असत. 'चिठ्ठ्यांची शिबंदी' म्हटलं तर चालेल का? शीर्षकात तसंच केलंय.

आणि या याद्यांचा आज उपयोग काय, तर इथली माणसं आपली कुळं शोधायला त्याच वापरतात. डॉर्सेटच्या मिलिशियाच्या याद्या आणि नोंदी 1757 पासूनच्या आहेत. ज्या गरीब माणसाचं नाव जन्म, लग्न आणि मरण याखेरीज कुठेही लिहिलं गेलं नसतं, त्याच्या नावापुढे धंदा लिहिलेला, कधी लंगडा, कधी एका डोळ्याने अधू असा शेरा. आमच्या शेजारच्या आजींना त्यांचे एक पूर्वज अशाच यादीत सापडले. शेरा काय होता ते त्या सांगत नाहीत.

मुरारकर_ग्वाल्हेर

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. या 39व्या पलटणीशी आमचं जुनं देणंघेणं आहे, ते धागालेखकांनी गाळलं म्हणून लिहितो.

फेब्रुवारी 1843 मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. पोटी मूल नव्हतं. पत्नी ताराबाई स्वतः लहान मुलगी. त्यांनी जयाजीरावांना दत्तक घेतलं. कारभारी कोण यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात जुंपली. गव्हर्नर जनरल एलेनबरोला पंजाबकडे सरकण्याआधी पाठीमागे शिंद्यांची एवढी मोठी कवायती फौज नकोच होती. निमित्त मिळालं. 29 डिसेंबर 1843ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूर आणि पनियार. महाराजपूरला सर ह्यू गफच्या हाताखाली 39वी आणि 40वी या गोऱ्या पलटणी होत्या.

गफला वाटलं होतं, फिरायला जाऊन यावं तसं होईल. त्याची बायको आणि मुलगी हत्तीवर बसून लढाई बघायला आल्या होत्या! शिंद्यांच्या तोफा पुढच्या गावात सरकवून ठेवलेल्या, त्याचा पत्ता लागला तो गोळे पडायला लागल्यावर. हत्तीही त्या माऱ्यात सापडले. आमचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफेपाशीच कापले गेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. इंग्रजांचे मेलेले-जखमी-हरवलेले मिळून 797. एका सकाळचं हे काम. 39व्याच्या निशाणावर 'महाराजपूर' त्यातून आलं.

जिंकल्यावर त्यांनी काय केलं? पकडलेल्या तोफांच्या पितळेतून प्रत्येक शिपायाला तारा बनवून दिला, 'ग्वाल्हेर स्टार', सहा टोकांचा. त्याच धातूचा वापर करून कलकत्त्याला नदीकाठी एक घुमटीही उभारली, अजून आहे. म्हणजे डॉर्सेटच्या एखाद्या माळ्यावर पडलेल्या पदकात महादजींच्या वारशाचं पितळ असू शकतं.

किनारपट्टी

मुरारकर, हे गाळलं नव्हतं, टाळलं होतं. मला नीट लिहिता आलं नसतं. म्युझियममध्ये आता तो तारा वेगळ्या नजरेने बघेन.

अनवट

+1 मुरारकर. तोफांचा भाग दोनदा वाचला.

54व्याबद्दलही थोडं. विल्यम कॉबेट हा पुढे नावाजलेला पत्रकार याच पलटणीत होता, 1784 मध्ये भरती होऊन सार्जंट मेजर झाला. अधिकारी शिपायांच्या पगारात हात मारतात, याचे पुरावे त्याने नोकरीत असतानाच हिशेबाच्या वह्यांतून गोळा केले. 1791 मध्ये बाहेर पडला, तक्रार केली. पण आपल्यावरच बाजू उलटणार असं दिसताच 1792 मध्ये फ्रान्सला पळाला.

दुसरी गोष्ट 'सारा सँड्स' जहाजाची. 1857च्या उठावामुळे 54वीला घाईने कलकत्त्याकडे धाडलं. 11 नोव्हेंबरला हिंदी महासागरात जहाजाच्या मागच्या भागाला आग लागली, आणि तिथेच दारूगोळा. बायकामुलांना होड्यांत उतरवून शिपायांनी धुरात गुदमरत दारूची पिंपं बाहेर काढून समुद्रात टाकली. निशाणं वाचवली. जळकं जहाज, मागची बाजू ताडपत्र्यांनी झाकलेली, कसंबसं मॉरिशसला लागलं. या पलटणीत 'सारा सँड्स दिन' पाळत.

दर्गाईचा_उतार

हा माझा विषय, जरा लांबेल.

किनारपट्टी, तुम्ही 1881 वर उडी मारलीत, पण खरी गंमत त्याच्या आधीच्या आठ वर्षांत आहे. 1873 मध्ये युद्धमंत्री कार्डवेलच्या सुधारणांत पलटणींच्या जोड्या लावल्या: एक परदेशी, एक घरी, दोघींचा मिळून एक डेपो. तेव्हा 39वीची जोडी डॉर्चेस्टरला कुणाशी लागली? 75व्या स्टर्लिंगशायरशी! आणि 54वीची डर्बीला 95व्या डर्बीशायरशी. 1881 मध्ये ही लग्नं मोडून नवी लावली. 75वी गेली स्कॉटलंडच्या गॉर्डन हायलँडर्सची पहिली बटालियन होऊन, आणि त्यांना घागरा (म्हणजे किल्ट) नेसायला लागला. 95वी झाली डर्बीशायर रेजिमेंटची दुसरी.

आता 20 ऑक्टोबर 1897, वायव्य सरहद्दीवरचा तिराह. दर्गाईचा कडा दोन दिवसांपूर्वी घेऊन सोडून दिला होता, तो पुन्हा घ्यायचा. वर आफ्रिदी आणि ओरकझाई नेमबाज, मध्ये उघडा पट्टा. आधी गुरखे गेले, पट्ट्यात अडकले. मग पहिली डॉर्सेट, मोजकी माणसं पार झाली. मग दुसरी डर्बीशायर, तीच गत. मग पहिली गॉर्डन धावली, पायात गोळी लागलेला पायपर (मशकबीन वाजवणारा) बसल्या जागी वाजवत राहिला, कडा पडला. वर्तमानपत्रं गॉर्डनमय झाली.

म्हणजे त्या उतारावर 39वी आणि तिच्या डॉर्चेस्टरच्या डेपोतली जुनी जोडीदारीण 75वी एकामागून एक धावत होत्या. 54वीची जुनी जोडीदारीणही तिथेच. कारकुनाने 1881 मध्ये कागद हलवला नसता तर 'दर्गाई डॉर्चेस्टरवाल्यांनी घेतली' असं छापलं असतं.

डॉर्सेटचा प्रायव्हेट सॅम्युअल व्हिकरी त्या दिवशी माऱ्यात उतार उतरून परत गेला आणि जखमी सोबत्याला घेऊन आला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण पायपरपुढे त्याची गोष्ट मागे पडली.

चकलीचा_सोऱ्या

जुनी जोडीदारीण जिंकून गेली आणि फोटोही तिचाच छापून आला. कुटुंबसंस्थेवर धागा काढा.

साताऱ्याची_सई

मी सहसा वाचनमात्र असते. कूटबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय.

माझे पणजोबा 117 मराठामध्ये शिपाई होते. गाव कोरेगावच्या अलीकडे. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस लष्करात, त्यामुळे कुणी फार कौतुक करायचं नाही. ते कूटला होते, कैदेतून परत आले, एवढंच माहीत. मी त्यांना पाहिलेलं नाही, सगळं आजीकडून. आजी सांगायची, उपासमारीत साहेब लोक घोडा खायचे, यांनी बरेच दिवस तोंडाला लावला नाही, रानातला पाला शिजवून खाल्ला. शेवटी खाल्ला की नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आणखी एक सांगायचे, त्यावर घरात हसायचे. म्हणायचे, 'आभाळातनं जातं पडलं.' वय झालं, भ्रम झाला, असंच सगळे समजत. आजी दळायला बसली की ते ओट्यावरून तळीकडे बघत राहायचे. जात्याला चुकून पाय लागला तर पोरांना ओरडायचे, देवाला लागला तरी इतके ओरडायचे नाहीत.

किनारपट्टी

सईताई, पणजोबांना भ्रम नव्हता.

कूटमध्ये धान्य होतं, पण दळायची सोय अपुरी. बाहेरून विमानांनी खरोखर जात्याच्या तळ्या टाकल्या. हवेतून रसद टाकायच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. पुढे एप्रिल 1916च्या दुसऱ्या पंधरवड्यात पीठ, साखर, मीठही टाकलं, पण तेव्हाची ती विमानं किती नेणार! काही पोती नदीत, काही तुर्कांच्या खंदकात.

तुमच्या पणजोबांची पलटण आणि इथली डॉर्सेट एकाच ब्रिगेडमध्ये होत्या: 16वी ब्रिगेड, सहाव्या पूना डिव्हिजनची. दुसरी डॉर्सेट, 20 पंजाबी, 104 वेलस्ली रायफल्स आणि 117 मराठा. ऑक्टोबर 1914 मध्ये मुंबईहून निघाले, 6 नोव्हेंबरला फाओला उतरले, त्याच महिन्यात बसरा. एप्रिल 1915 मध्ये शैबाची लढाई, तीत दोन्ही पलटणी होत्या. मग टेसिफॉन, म्हणजे बगदादच्या दारापर्यंत, आणि तिथून माघार कूटला. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 वेढा. आत 103 आणि 110 मराठाही होत्या. सोडवायला आलेल्या फौजेची 23 हजारांच्या आसपास माणसं कामी आली नाहीतर जखमी झाली. त्या फौजेत डॉर्सेट आणि नॉरफोकच्या नव्या भरतीची एक मिसळ बटालियन होती, तिला 'नॉरसेट' म्हणत. आतले सोबती शेवटपर्यंत त्यांना भेटले नाहीत.

घोड्याच्या मांसाबद्दल आजी म्हणाली ते बरोबर. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती तारेने मागवली, तरी बहुतेक शिपायांनी एप्रिलपर्यंत शिवलं नाही.

शरणागतीनंतर जनरल टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवलं. सुमारे 2,600 गोऱ्या शिपायांपैकी 1,700 हून अधिक मेले. दुसऱ्या डॉर्सेटचे साडेतीनशे कैद झाले, त्यातले सत्तर परत आले. तुमचे पणजोबा परत आले, ही लहान गोष्ट नाही.

साताऱ्याची_सई

धन्यवाद दादा. आईला आत्ता फोन करून वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ते जातं अजून गोठ्यात पडलंय.

मोडीवाचक

सईताई, ते जातं घरात आणा.

117 मराठाला या युद्धातल्या कामगिरीबद्दल 1921 मध्ये 'रॉयल' किताब मिळाला, तेवढं नोंदवतो.

अनवट

अवांतर: त्या म्युझियममध्ये हिटलरचं टेबल आहे म्हणतात, खरं का?

किनारपट्टी

आहे. बर्लिनच्या चॅन्सलरीतून आणलेलं. पोरं बिल्ल्याकडे ढुंकून बघत नाहीत, टेबलासमोर रांग लावतात.

बाराबंदी

दुसऱ्या महायुद्धाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. पहिली डॉर्सेट माल्टात वेढ्यात होती, पुढे 6 जून 1944ला नॉर्मंडीच्या गोल्ड किनाऱ्यावर उतरली. चौथीने सप्टेंबर 1944 मध्ये हॉलंडमधल्या आर्नहेमला अडकलेल्या छत्रीधारींना काढण्यासाठी रात्री नदी ओलांडली, त्यात बरीच पकडली गेली.

दुसरी, म्हणजे कूटवाली, पुन्हा आपल्याकडे. कोहिमाला डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट, एका बाजूला जपानी, एका बाजूला हे, मध्ये वीसेक मीटर. 13 मे 1944ला चढावरून एक रणगाडा घसरवत थेट कोर्टावर आणला आणि जवळून बंकर फोडले, तेव्हा जागा हाती आली. मी 2017 मध्ये कोहिमाला गेलो होतो. स्मशानभूमीत कोर्टाच्या रेषा अजून आखून ठेवल्यात. मधल्या अंतरात माझी बायको अकरा पावलं चालली. मी मोजली.

आणि धाग्याच्या विषयात बसतं म्हणून: 1946 मध्ये जपानच्या ताब्यासाठी ब्रिटिश-हिंदी डिव्हिजन गेली, तीत दुसरी डॉर्सेट होती आणि पहिली मराठा लाइट इन्फंट्रीही होती.

मुरारकर_ग्वाल्हेर

जपानमध्ये तरी पोटभर जेवले असतील, ही अपेक्षा.

किनारपट्टी

शनिवारी कीपमध्ये जातोय. कूटचं काय काय मांडलंय ते बघून इथेच टाकतो, मुरारकरांसाठी ताऱ्याचा फोटोही. काचेवर उजेड पडतो, तेव्हा अंधुक येईल. सईताई, जात्याचा फोटो मिळाला तर टाका, तळीवर काही खूण आहे का तेही बघा.

साताऱ्याची_सई

आमचं जातं आजीच्या माहेरचं हो दादा, बगदादचं नाही. पण टाकते.